वॉचमनकडे ठेवलेली उघडी कुलपं

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या काकूंनी मागच्या महिन्यात मला जिन्यातच गाठलं. हातात फोन, चष्मा कपाळावर सरकवलेला. नाशिकला असलेल्या लेकीशी त्यांचं व्हॉट्सॲपवर रोज बोलणं चालतं. त्या चॅटच्या अगदी वर एक पिवळसर चौकट असते, ती त्यांना दाखवायची होती. "अगं, हे एंड टू एंड एन्क्रिप्टेड म्हणजे काय गं? आमचं बोलणं कुणी वाचतं की नाही वाचत, एवढं सांग मला."

मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि नोकरीसाठी ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोलीला जाते. सर्व्हर, म्हणजे कंपनीचे मोठे कॉम्प्युटर, सांभाळणं हे माझं काम. त्यामुळे सर्व्हरपाशी बसलेल्या माणसाला काय काय दिसू शकतं, हे मला चांगलं माहीत आहे. "नाही वाचत कुणी" एवढं म्हणून मला पुढे जाता आलं असतं. पण ते उत्तर अर्धंच खरं आहे, आणि माणसं फसतात ती उरलेल्या अर्ध्यापायी. मग रविवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही दोन तास बोललो. तेच सगळं इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न काकूंसारखाच अनेकांच्या मनात असतो आणि विचारायला संकोच वाटतो.

च-ची भाषा आणि सकळ लिपी

दुसऱ्याला कळू नये असं बोलण्याची गरज आपल्याला नवी नाही. लहानपणी आपण च-ची भाषा बोलायचो. ‘मला’चं ‘चलाम’, ‘घरी’चं ‘चरीघ’. धाकट्या भावाला युक्ती कळेपर्यंत ते चालायचं. एकदा कळली की सगळंच कळायचं.

आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात याचं फार मोठं उदाहरण आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले. कित्येक शतकं पंथाबाहेरच्या माणसाला ते वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली आणि मग एकेक पोथी बोलू लागली. मराठी वाचकांवर ते उपकारच झाले. पण गुपित राखणाऱ्याच्या बाजूने विचार केला तर यात एक अडचण दिसते. गुपित लिपीतच दडलेलं होतं. लिपी उलगडली आणि तिच्यात लिहिलेलं सारं एकदम उघडं पडलं.

ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ साली यावर एक नियम मांडला, तो आजही या क्षेत्रात पहिला धडा म्हणून शिकवतात. कुलपाची रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुपित राहायला हवी ती फक्त किल्ली. म्हणून सिग्नलसारखं मेसेजिंग ॲप आपला कोड, म्हणजे ज्या सूचनांवर ते चालतं त्या, जगासमोर उघडा ठेवतं आणि कुणीही तो वाचून तपासू शकतं. "आमची पद्धत गुप्त आहे, विश्वास ठेवा" असं कुणी म्हणालं तर माझ्या मनात आधी शंका येते.

किल्ली पोचवायची कशी?

आता नौपाड्यातून नाशिकला निघालेल्या मेसेजचा रस्ता बघू. काकूंच्या फोनमधून तो घरातल्या वायफायवर किंवा टॉवरवर जातो, तिथून कंपनीच्या सर्व्हरवर, आणि सर्व्हरवरून लेकीच्या फोनवर. बहुतेक सेवांमध्ये काय होतं? फोनपासून सर्व्हरपर्यंत मेसेज कुलूपबंद जातो. सर्व्हर कुलूप उघडतो, पुढच्या प्रवासासाठी दुसरं कुलूप घालतो. म्हणजे वाटेतल्या चोराला वाचता येत नाही, पण सर्व्हर सांभाळणाऱ्याला येतं. एन्क्रिप्शन म्हणजे हे कुलूप, आणि ‘एंड टू एंड’ म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अर्थ असा की कुलूप काकूंच्या फोनमध्ये लागतं आणि थेट लेकीच्या फोनमध्येच उघडतं. मधल्या सर्व्हरकडे किल्ली नसतेच.

काकूंनी लगेच वर्मावर बोट ठेवलं. "मग लेकीकडे किल्ली गेली कशी? ती पण ह्याच रस्त्याने गेली असणार ना?"

हजारो वर्षं सांकेतिक लिखाणाचं घोडं इथेच अडत होतं. किल्ली आधी भेटून, हातोहात द्यावी लागायची. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी एक पद्धत जगापुढे ठेवली. तिच्यात दोन माणसं भर चौकात, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलूनही शेवटी दोघांनाच ठाऊक असलेल्या एका आकड्यावर पोचतात. ऐकायला हे अशक्य वाटतं, म्हणून आम्ही ओट्यावर कागद पसरून ते करूनच पाहिलं. तुम्हीही कॅल्क्युलेटर घ्या.

दोन आकडे साऱ्या जगाला माहीत आहेत, २ आणि १३. काकूंनी मनात एक आकडा धरला, ५. मग २ ला २ ने गुणत पाच २ चा गुणाकार केला, तो आला ३२. त्याला १३ ने भागलं, बाकी उरली ६. हा ६ त्यांनी मोठ्याने सांगितला. लेकीच्या वतीने मी मनात ८ धरला. आठ २ चा गुणाकार २५६, १३ ने भागून बाकी ९. मीही ९ मोठ्याने सांगितला. आता काकूंनी माझा ९ घेतला आणि आपल्या मनातल्या आकड्याएवढा, म्हणजे पाच वेळा मांडून गुणला. ५९,०४९ आले. १३ ने भागल्यावर बाकी ३. मी त्यांचा ६ आठ वेळा मांडून गुणला. १६,७९,६१६. बाकी ३.

दोघींकडे ३ आला. भिंतीपलीकडे कान लावून बसलेल्याने २, १३, ६ आणि ९ हे चारही आकडे ऐकले. पण ३ हा आकडा कुणाच्या तोंडून बाहेर पडलाच नाही. तो ३ म्हणजे दोघींची किल्ली.

काकूंनी तो कागद दोनदा तपासला. मग म्हणाल्या, "अगं, पण तो एकेक आकडा घालून बघेल की." बरोबर आहे. १३ सारखा लहान आकडा असेल तर पाच मिनिटांत सापडेल. खऱ्या ॲपमध्ये १३ च्या जागी ७७ अंकी संख्या असते आणि गुणाकाराच्या जागी एका विशिष्ट वक्ररेषेवरच्या बिंदूंचं गणित. तिथे एकेक आकडा घालून बघायचं म्हटलं तर जगातले सगळे कॉम्प्युटर मिळूनही ते काम पुरं व्हायचं नाही.

गणित होतं, पण माणसांपर्यंत पोचत नव्हतं

माझ्या मते या सगळ्या गोष्टीत खरं महत्त्वाचं वळण पुढे आहे. गणित १९७६ ला हातात आलं. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी पीजीपी नावाचं सॉफ्टवेअर काढून ते सामान्य माणसाच्या ईमेलपर्यंत आणलं. मजबूत एन्क्रिप्शनला अमेरिका तेव्हा शस्त्रास्त्रांच्या पंगतीत बसवत असे. ते परदेशात गेलं म्हणून झिमरमन यांच्यामागे काही वर्षं चौकशीचा ससेमिरा लागला. १९९६ साली ती चौकशी बंद झाली. एवढं सोसून त्यांनी ते दिलं, पण वापरलं किती जणांनी? फारच थोड्यांनी. १९९९ साली अल्मा व्हिटन आणि डग टायगर या संशोधकांनी १२ जणांना बसवून दीड तासात पीजीपीने एक ईमेल नीट कुलूपबंद करून पाठवायला सांगितला. जमला तो जेमतेम एक तृतीयांश लोकांना. किल्ली स्वतः तयार करा, ती जपा, दुसऱ्याची मिळवा, खरी आहे का बघा. रोज ऑफिसला धावणारा माणूस हे कशाला करेल?

ही कामं माणसाच्या डोक्यावरून उतरवून फोनवर टाकली, ती मोबाइल ॲप्सनी. मे २०१० मध्ये व्हिस्पर सिस्टिम्स या छोट्या कंपनीने ॲन्ड्रॉइडवर दोन ॲप्स आणली. टेक्स्टसिक्युअर एसएमएस कुलूपबंद करायचं आणि रेडफोन कॉल. मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि स्टुअर्ट अँडरसन हे त्यामागचे दोघे. पुढच्याच वर्षी ट्विटरने कंपनी विकत घेतली आणि मग दोन्ही ॲप्सचा कोड सर्वांसाठी खुला झाला. त्यावर काम चालू राहिलं. जून २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकेच्या पाळतीची कागदपत्रं बाहेर काढली, आणि तोवर मूठभर लोकांचा वाटणारा हा विषय घराघरात गेला. जुलै २०१४ मध्ये आयफोनवर सिग्नल आलं, आधी फक्त कॉलसाठी, मार्च २०१५ पासून मेसेजसाठीही. नोव्हेंबर २०१५ मध्ये टेक्स्टसिक्युअर आणि रेडफोन एकत्र होऊन ॲन्ड्रॉइडवरही सिग्नल हेच नाव आलं.

तरी अडचण उरतेच. दोघांच्याही फोनमध्ये तेच ॲप हवं. ती सुटली ५ एप्रिल २०१६ रोजी, जेव्हा व्हॉट्सॲपने सिग्नलचीच पद्धत आपल्या सगळ्या मेसेज आणि कॉलना लावून टाकली. तेव्हा त्यांचे वापरकर्ते १०० कोटींच्या वर होते. त्यातल्या बहुतेकांना काही बदललं याचा पत्ताही लागला नाही. काकूंनाही लागला नव्हता, फक्त ती पिवळी चौकट दिसली. पीजीपीला पंचवीस वर्षांत जमलं नाही ते एका अपडेटने झालं, आणि मला हे आपल्या काळातलं फार मोठं लोकोपयोगी काम वाटतं.

बोगद्यातला फोन

फोनवर हे बसवताना एक अडचण होती, तिची उकल मला सगळ्यात जास्त आवडते.

मघाशी ओट्यापाशी काकू आणि मी समोरासमोर होतो. त्यांनी ६ सांगितला, मी ९ सांगितला. पण काकूंनी मेसेज पाठवला त्या क्षणी लेक पंचवटी एक्सप्रेसने ठाण्याला येत असेल आणि गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली असेल तर? तिच्या फोनला रेंज नाही. ती ९ कसा सांगणार? जुन्या पद्धतींमध्ये दोघांनाही एकाच वेळी ऑनलाइन असावं लागायचं. कॉम्प्युटरसमोर बसून गप्पा मारणाऱ्यांना ते चालून जात होतं, खिशातल्या फोनला चालणारं नव्हतं.

आमच्या गेटवर वॉचमनची केबिन आहे. समजा लेकीने आधीच शंभरेक उघडी कुलपं वॉचमनकडे देऊन ठेवली, दाबली की बंद होणारी, आणि किल्ल्या मात्र सगळ्या स्वतःच्या पर्समध्ये ठेवल्या. काकूंना काही पाठवायचं झालं की त्या केबिनमधून एक कुलूप घेतात, डब्याला लावून खट्कन दाबतात आणि डबा वॉचमनकडे ठेवतात. त्या क्षणापासून तो डबा काकूंनाही उघडता येत नाही. लेक बोगद्यातून बाहेर येईल, घरी पोचेल, डबा घेईल, उघडेल. वापरलेलं कुलूप फेकून द्यायचं. कुलपं कमी झाली की ती नवी आणून ठेवते.

ॲप टाकल्यावर फोन अगदी हेच करतो. ओट्यापाशी मी मोठ्याने सांगितलेला ९ आठवतो ना? तसे पुष्कळ आकडे फोन आधीच तयार करून सर्व्हरवर ठेवून देतो. ज्या आकड्यांवरून ते निघाले, ते मनातले आकडे फोनमधून कधीच बाहेर पडत नाहीत.

यानंतरची करामत प्रत्येक मेसेजला नवी किल्ली करण्याची. गॅरेजमध्ये मेकॅनिककडे रॅचेट पाना असतो, कट्-कट् करत एकाच दिशेने फिरतो. ही पद्धत त्याच नावाने ओळखली जाते, डबल रॅचेट. एक दाता असा, की या किल्लीवरून पुढची किल्ली बनते, पण पुढचीवरून मागची काढता येत नाही. गिरणीतून दळून आणलेल्या पिठाचे परत गहू होत नाहीत, तसं. त्यामुळे आज कुणी फोनमधली किल्ली चोरली तरी पुसून टाकलेले कालचे मेसेज त्याला उघडत नाहीत. दुसरा दाता असा, की उलट उत्तर आलं की दोन्ही फोन ६ आणि ९ चा खेळ नव्या आकड्यांनी पुन्हा खेळतात. चोराच्या हातातली किल्ली थोड्याच वेळात निकामी होते. ट्रेव्हर पेरिन आणि मार्लिनस्पाइक यांनी २०१३ मध्ये ही पद्धत बांधली, तेव्हा तिला ॲक्झोलॉटल हे नाव दिलं होतं. तुटलेला पाय पुन्हा उगवणारा हा मेक्सिकोतला जलचर. पद्धतही तशीच, जखम झाली तरी स्वतःहून भरून येणारी.

वॉचमनने दुसरंच कुलूप दिलं तर?

हा प्रश्नही काकूंचाच. समजा वॉचमनच्या मनात पाप आलं. त्याने लेकीच्या कुलपाऐवजी स्वतःचं कुलूप काकूंना दिलं. डबा उघडला, वाचला, मग लेकीचं खरं कुलूप लावून पुढे दिला. दोघींना पत्ताही लागणार नाही.

यावर खात्रीचा उपाय आहे, पण तो वापरणारे फार थोडे. लेकीच्या नावावर टॅप करा, मग ‘एन्क्रिप्शन’वर. तिथे एक क्यूआर कोड आणि त्याखाली ६० आकडे दिसतात, पाच-पाचच्या बारा गटांत. सिग्नलमध्येही असेच ६० आकडे असतात. ते दोघींच्या किल्ल्यांवरून बनलेले असतात. दोन्ही फोनवर तेच ६० आकडे असतील तर मध्ये कुणी नाही. वॉचमनने कुलूप बदललं असेल तर आकडे जुळणारच नाहीत. समोरासमोर असाल तर एकीने दुसरीचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, हिरवी खूण आली की झालं. लेक दिवाळीला आली तेव्हा दोघींनी ते केलं, फराळाच्या ताटाशेजारी फोन ठेवून.

प्रत्येक चॅटसाठी हे करा असं मी म्हणणार नाही. नवरा-बायको, आई-मुलं, ज्याच्याशी पैशाचं किंवा आजारपणाचं बोलणं होतं असा माणूस, एवढ्यांशी एकदा करून घ्या.

गेटवरची वही

वॉचमनला डबा उघडता आला नाही तरी त्याच्याकडे एक वही असते. कोण आलं, कुठल्या फ्लॅटला गेलं, किती वाजता. काकूंनी रात्री अडीचला डॉक्टरांना मेसेज केला आणि मग लगेच मुलाला, एवढं वहीतून कळलं तरी आत काय लिहिलं असेल याचा अंदाज येतो. कुलूप मजकुराला असतं. या वहीला ते आपोआप लागत नाही.

इथे ॲपा-ॲपांत मोठा फरक आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका ग्रँड ज्युरीने, म्हणजे गुन्ह्याची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, सिग्नलकडे दोन फोन नंबरांची माहिती मागितली. त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. वही ठेवलीच नव्हती. व्हॉट्सॲप मात्र कुणाशी, कधी, कुठल्या फोनवरून अशी बरीच माहिती जमवतं, आणि त्याचा स्वतःचा कोडही सिग्नलसारखा खुला नाही. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने अटी बदलणार असल्याचं सांगितलं तेव्हा लोक एवढ्या संख्येने सिग्नलकडे वळले की १५ जानेवारीला सिग्नलच बंद पडलं होतं. टेलिग्रामबद्दल तर मोठाच गैरसमज आहे. त्यातलं साधं चॅट एंड टू एंड नसतं. त्यासाठी ‘सीक्रेट चॅट’ मुद्दाम सुरू करावं लागतं, आणि ग्रुपला ती सोय नाही. ‘सुरक्षित आहे म्हणे’ एवढ्यावर तिथे कागदपत्रं टाकणारी माणसं मी पाहिली आहेत.

रस्ता बंदिस्त, घराचं दार उघडं

आता त्या उरलेल्या अर्ध्या उत्तराकडे येते.

बोलता बोलता मी काकूंच्या फोनवर ‘लिंक केलेली डिव्हाइस’ उघडलं. त्यांच्या घरात कॉम्प्युटर नाही. तिथे मात्र एक नोंद होती, विंडोज, आणि शेवटचा वापर त्याच दिवशी सकाळी. काकू गोंधळल्या. मग आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी बँकेसाठी आधार आणि पॅनची प्रिंट काढायला त्या स्टेशनकडच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेल्या होत्या. तिथल्या मुलाने "व्हॉट्सॲप वेब उघडून देतो, काकू" म्हणत फोन हातात घेऊन स्क्रीन स्कॅन करून दिला. प्रिंट मिळाली, सहा रुपये दिले, घरी आल्या. लॉगआउट कुणीच केलं नाही. त्या दिवसापासून लेकीशी झालेलं सगळं बोलणं, जावयाच्या ऑपरेशनचे रिपोर्ट, एफडीचे फोटो, दुकानातल्या त्या कॉम्प्युटरवर रोज येऊन पडत होते. मुलाने काही वाचलं असेल असं मी म्हणत नाही. पण एन्क्रिप्शन या सगळ्या काळात अगदी चोख चालू होतं. तो कॉम्प्युटर काकूंच्या बाजूचं एक ‘एंड’ झाला होता, त्याला त्याची किल्ली रीतसर मिळाली होती.

काकूंचा चेहरा उतरला होता. आम्ही तिथेच लॉगआउट दाबलं. झेरॉक्सवाल्याला फाइल द्यायची तर यापुढे फक्त तेवढी फाइल ईमेलने पाठवायची आणि आपला फोन कुणाच्या हाती द्यायचा नाही, असं ठरलं.

अशी दारं आणखी आहेत. बॅकअप हे सगळ्यात मोठं. चॅटचा बॅकअप गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जातो, तो आपण मुद्दाम चालू केल्याशिवाय एंड टू एंड नसतो. ऑक्टोबर २०२१ पासून त्याला पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लावायची सोय आहे, सेटिंगमध्ये ‘चॅट बॅकअप’खाली. पासवर्ड विसरलात तर कंपनीही तो काढून देऊ शकत नाही, म्हणून कागदावर लिहून कपाटात ठेवा. कुणाची तक्रार केली, म्हणजे ‘रिपोर्ट’ दाबलं, तर त्या माणसाचे शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात. ते योग्यच आहे, पण माहीत असावं. व्हॉट्सॲपमध्येच असलेल्या मेटा एआय या उत्तरं देणाऱ्या मदतनिसाला विचारलेला प्रश्न कंपनीलाच विचारलेला असतो. सोसायटीच्या ग्रुपमध्ये दोनशे जण असतील तर त्या ग्रुपला दोनशे दारं आहेत. एकाने स्क्रीनशॉट काढला की विषय संपला.

आणि सगळ्यात दुखरी गोष्ट. कुलूप रस्त्याची खात्री देतं, पलीकडचा माणूस भला आहे याची देत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाने पोलिसांच्या वेशात व्हिडिओ कॉल करून म्हाताऱ्या माणसांना लुटणाऱ्यांचे कॉलही एंड टू एंड एन्क्रिप्टेडच असतात. कायद्यात डिजिटल अरेस्ट असं काही नाही. फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा, पहिला तास फार मोलाचा असतो. आणि एसएमएसने आलेला व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड कुणालाही सांगू नका. तो सांगितला तर चोराला कुलूप फोडावं लागत नाही, आपणच त्याला घरात घेतलेलं असतं. ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा पिन आजच लावून टाका.

तिसरी किल्ली

काकांचा, म्हणजे काकूंच्या यजमानांचा, प्रश्न वेगळा होता. "गुन्हेगारही हेच वापरणार. मग पोलिसांनी काय करायचं?" प्रश्न खरा आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. अफवांनी माणसं मारली गेलेला देश आहे आपला. फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांमध्ये मोठ्या मेसेजिंग सेवांनी गंभीर गुन्ह्यांत, आदेश आल्यावर, मेसेजचा पहिला कर्ता शोधून द्यावा असं कलम आलं. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितलं की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर व्हॉट्सॲप इथून जाईल. दुसरीकडे २४ ऑगस्ट २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचा एकमुखी निकाल आहे, ज्यात खाजगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं आहे.

सर्व्हर सांभाळणारी म्हणून माझं मत ठाम आहे. फक्त सज्जनांच्या हाती राहील अशी तिसरी किल्ली बनवता येत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या टेलिफोन कंपन्यांमध्ये परकीय हॅकर शिरल्याचं उघड झालं. कायदेशीर टॅपिंगसाठी ठेवलेल्या यंत्रणेपर्यंत ते पोचले होते. त्यानंतर डिसेंबरमध्ये तिथल्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनेच मोठ्या पदावरच्या लोकांना एंड टू एंड एन्क्रिप्टेड ॲप्स वापरा असा सल्ला दिला. आरोपीचा फोन जप्त करून तपासता येतो, वही मागता येते, समोरचा साक्षीदार मेसेज दाखवू शकतो. पोलिसांकडे हे मार्ग आहेत आणि ते वापरतातही. साऱ्या देशाच्या घरांना एक कॉमन किल्ली करून ती कुठेतरी टांगून ठेवणं, हे मला पटत नाही.

काका पूर्ण पटल्यासारखे दिसले नाहीत. त्यांच्या मनात अजून तो प्रश्न आहे, माझ्याही मनाच्या एका कोपऱ्यात आहे.

परवा सकाळी काकूंनी दार वाजवलं. लेकीच्या चॅटमध्ये मधोमध एक ओळ आली होती, तुमचा सुरक्षा कोड बदलला आहे. ‘सुरक्षा सूचना’ हे सेटिंग आम्ही त्या रविवारी चालू करून ठेवलं होतं, म्हणून ती दिसली. माझी वाट न बघता काकूंनी साध्या फोनवरून नाशिकला कॉल लावला होता. "नवा फोन घेतलास का गं?" लेकीने कालच घेतला होता, सांगायचं राहिलं होतं. मग दोघींनी ते ६० आकडे वाचायला घेतले. आधी काकू एकोणसत्तर, त्र्याऐंशी असं वाचत होत्या, लेकीचा एकोणसत्तर आणि एकोणऐंशीमध्ये गोंधळ व्हायला लागला, तेव्हा एकेक आकडा सुटा वाचायचं ठरलं. काकू पेन्सिलीने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला प्रत्येक गटाखाली टिक करत होत्या. मी दारात उभी होते. सातव्या गटाला कुकरची शिट्टी झाली, तर त्यांनी हाताने मला गॅस बंद करायची खूण केली आणि म्हणाल्या, "हं, पुढचे सांग. चार, शून्य, शून्य..."